जामसरचं पीठ आधी

दळणासाठी थांबावं लागतं, ही गोष्ट जव्हारमध्ये कोणाला प्रश्न वाटत नव्हती. ऊन पडतं, दिवाळी येते, तसं दळणाला थांबावं लागतं. हा प्रश्न आहे असं वाटणारा गावात मी एकटाच होतो, आणि त्याला कारणं होती. एक तर मी इथल्या शाळेत मास्तर होतो आणि सांख्यिकी घेऊन बी. एस्सी. झालो होतो. शिवाय दाऊदभाईंच्या पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत मी भाड्याने राहत होतो, आणि खोलीची एकुलती एक खिडकी थेट रांगेवर उघडत होती. त्यात पंच्याऐंशी सालची दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टी, खिडकी आणि सांख्यिकी या गोष्टी एका तरुण माणसाजवळ एकाच वेळी असू नयेत, हे आता मी कोणालाही सांगू शकेन.

रांग म्हटलं की डोळ्यांसमोर माणसं येतात. गिरणीच्या रांगेत माणसं नसतात, भांडी असतात. माणूस आपलं भांडं रांगेत ठेवतो आणि बाजाराला जातो. भांडं त्याच्या वतीने उभं राहतं. गावातल्या घरांचे डबे पत्र्याचे, कडीचे, झाकणावर मालकाचं नाव कोरलेले. त्यांना हात लावायची कोणाची छाती नाही. पाड्यांवरून येणाऱ्या बायकांच्या मात्र बांबूच्या टोपल्या. टोपलीवर नाव नसतं, आणि तिला पायाचा अंगठा नुसता लागला तरी ती घरंगळल्यासारखी मागे जाते. अशा वेळी अंगठ्याची मालकीण नेहमी आकाशाकडे बघत असते. मी खिडकीतून पाहिलं आहे, म्हणून सांगतो. सकाळी पुढे ठेवलेली टोपली दुपारी मध्ये असे आणि संध्याकाळी भिंतीला टेकलेली असे. तिला मागे कोणी नेलं, हे कोणालाच सांगता येत नसे.

जामसरच्या तुळशीची टोपली अशी दोन बाजार मागे गेली, आणि दोन्ही बाजार तिची जामसरकडची शेवटची एसटी चुकली. दुसऱ्या वेळी ती गिरणीच्या पायरीवर बसली होती. मी खाली उतरून सहानुभूती दाखवली. सहानुभूतीला खर्च नसतो असं तेव्हा मला वाटत होतं.

"पुढच्या बाजाराला आमचे पोरीची, हिरीची सुपारी हाय," ती म्हणाली. "सांजचे पाव्हणे येतील. सुपारी फोडतील आन मंग जेवतील. पीठ नाय मिळालं त काय घालू त्यांना?"

"घरी जातं नाही?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "वीस माणसांची भाकर मी एकली जात्यावर दळू का? मंग रांधू कधी? मुलाचा मामा लय वाकडा माणूस हाय. पान उशिरा पडलं त उठून जातो. मागं एके ठिकाणी गेला तसाच. सोयरीक मोडली."

मी म्हणालो, "पुढच्या बाजाराला तुझं पीठ गाडीच्या आधी तयार होईल. मी सांगतो."

"तू दळशील?"

"मी दळणार नाही. मी पद्धत लावणार."

तुळशीचं समाधान झालं असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही, पण माझं झालं होतं. त्या संध्याकाळी मी शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू काढून कामाला बसलो.

इथे वाचकांना थोडं शास्त्र ऐकून घ्यावं लागेल. एकच चक्की असेल आणि सगळी गिऱ्हाइकं सारखी असतील, तर सरासरी किती थांबावं लागेल याचं गणित पुस्तकात तयार मिळतं. चक्क्या दोन असल्या तरी मिळतं. पण चक्क्या दोन, आणि वर गिऱ्हाइकांत पहिला वर्ग, दुसरा वर्ग असं केलं, की पुस्तकं लिहिणारी मोठमोठी माणसं खाकरतात आणि 'अंदाजे' हा शब्द वापरू लागतात. माझ्या एका वर्गमित्राने मुंबईहून एका परदेशी मासिकातल्या लेखाची झेरॉक्स पाठवली होती. तिच्यात हा अंदाज कसा बांधायचा ते होतं, आणि युक्ती फार सुंदर होती. दोन चक्क्यांऐवजी दुप्पट वेगाची एकच चक्की आहे असं समजायचं. त्या एका चक्कीवर पहिल्या वर्गाला आधी घेतलं तर त्याचं थांबणं किती पटीने कमी होतं ते काढायचं. मग तीच पट खऱ्या दोन चक्क्यांच्या थांबण्याला लावायची. गणित सुटलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी जिन्यावरून धावत खाली गेलो.

दाऊदभाई दिवसाचं पीठ झाडत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"म्हणजे एक चक्की विकून टाकू म्हणतोस?" ते म्हणाले.

"विकायची नाही. नुसती समजायची."

"दो है, तो एक कशाला समजू?"

मी पुन्हा समजावलं. बाहेरगावचं दळण आधी आणि गावातलं नंतर, असे फक्त दोन वर्ग करायचे. बाहेरगावचं दळण दिवाळीच्या बाजारालाही एकूण दळणाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त नसतं. त्यामुळे त्यांचं थांबणं निम्म्याहून खाली येईल, आणि गावातल्यांचं वाढेल ते इतकं थोडं की त्यांच्या लक्षातही येणार नाही.

"बायकांच्या लक्षात येणार नाही?" दाऊदभाई म्हणाले. "मास्तर, तुझं लग्न झालेलं नाही."

त्यांचे मोठे भाऊ गुलामचाचा खाटेवर पडून होते. चक्कीच्या दगडांना टाकी लावणं, पट्टे शिवणं ही कामं ते करत आणि उरलेल्या वेळात सल्ला देत. ते म्हणाले, "त्यापेक्षा मोठा डबा आधी घ्या. मोठा डबा गेला की जागा किती मोकळी होते बघा."

मी त्यांना सांगितलं की शास्त्राचं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. त्यावर, शास्त्राने डबे उचललेले नाहीत, असं म्हणून त्यांनी कूस बदलली.

शेवटी दाऊदभाई एका अटीवर तयार झाले. एक बाजार माझ्या पद्धतीने करायचा. पण भांडण झालं तर बायकांशी मी बोलायचं, ते बोलणार नाहीत. त्यांचा हा आग्रह मला तेव्हा फार साधा वाटला.

टोपली कोणी मागे सरकवू नये म्हणून बिल्ले हवे होते. दाऊदभाईंचा भाचा शकील पत्र्याची कामं करायचा. त्याने डालड्याच्या डब्यांचे गोल बिल्ले कापून दिले; बाहेरगावला लाल रंगाचे, गावाला पांढरे. बिल्ल्यांवर आकडा होता, तेव्हा भांडं कुठेही सरकलं तरी नंबर सरकत नव्हता. इथवर सगळं सुरळीत होतं. मग नियमांचा फलक लावायचं माझ्या मनात आलं.

भिंतीवर रस्त्याकडे तोंड करून फलक लावायचा तर परवानगी लागते, असं गुलामचाचांनी सांगितलं. मी एका कचेरीत गेलो. कुठल्या, ते लिहीत नाही. मला अजून त्या भागात राहायचं आहे. तिथल्या कारकुनाने विचारलं, फलक जाहिरातीचा की सूचनेचा? मी म्हटलं, सूचनेचा. सूचना कोणाची? गिरणीची. मग अर्ज गिरणीवाल्याने करायला हवा. मी दाऊदभाईंची सही आणली. मग प्रश्न निघाला की सूचनेत 'आधी' असा शब्द आहे, म्हणजे काही नागरिकांना नंतर असं होतं, तर याला कोणाची हरकत नाही असा दाखला कुठे आहे? मी विचारलं, हरकत नसल्याचा दाखला कोण देतं? ते म्हणाले, ज्यांची हरकत असेल ते. मी थोडा वेळ त्यावर विचार केला. माझा चेहरा पाहून त्या भल्या माणसाला दया आली असावी. "भिंतीवर लावू नका," तो हळूच म्हणाला. "दारावर लिहा. दार म्हणजे भिंत नव्हे."

मी आनंदाने परत आलो आणि दाराच्या दोन्ही फळ्यांवर स्वतः सुबक अक्षरात रंगवलं: 'बाहेरगावहून डोक्यावरून आलेलं दळण आधी घेतलं जाईल. लाल बिल्ला पहिला वर्ग. पांढरा बिल्ला दुसरा वर्ग. तक्रार असल्यास मास्तरांना भेटावे.' शेवटची ओळ दाऊदभाईंनी घालायला लावली. रंग वाळला. सकाळी त्यांनी गिरणी उघडली. दार बाहेरच्या बाजूला उघडतं आणि भिंतीला चिकटून उभं राहतं, हे मी वर्षभर रोज पाहत होतो, पण रंगवताना ते आठवलं नाही. गिरणी बंद असली की नियम स्वच्छ वाचता येत. गिरणी उघडली की नियम भिंतीकडे तोंड करून उभे राहत.

तरी नियम गावभर झाले. रात्री गिरणी बंद असताना गावातल्या बायकांनी ते शब्दन् शब्द वाचून घेतले होते, हे मला नंतर कळलं, आणि तेच नडलं.

बाजाराचा दिवस उजाडला. दाऊदभाईंनी इंजन सुरू केलं. गावात वीज होती, पण दाऊदभाईंचा तिच्यावर विश्वास नव्हता. ते म्हणत, इंजन रुसतं तेव्हा निदान समोर उभं राहून रुसतं. मी पायरीवर खुर्ची टाकून बिल्ले वाटायला बसलो. पहिला तासभर माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा होता. पाड्यांवरून एखाददुसरी टोपली येई, लाल बिल्ला घेई, पुढची चक्की मोकळी झाली की आत जाई आणि दळून बाहेर येई. कागदावर जे अंदाजे निघालं होतं ते डोळ्यांसमोर तंतोतंत घडत होतं. तुळशी सकाळच्या गाडीने आली. मी तिला लाल बिल्ला देऊ लागलो, तर ती म्हणाली, "मना बांगड्या घ्यायच्या हात, गूळ घ्यायचा हाय. टोपली घेऊन फिरून येते, वाटंत नाचणी पण निवडून होल. जामसरचं आधी हाय ना?"

"जामसरचं आधी," मी म्हणालो. "केव्हाही ये."

हे 'केव्हाही' मी उगाच म्हणालो. पण आत्मविश्वासाच्या भरात माणूस क्रियाविशेषणं वापरतो.

दुपारच्या सुमाराला खोडाळ्याची पोशी आली. तिच्या डोक्यावर टोपली होती, टोपलीवर पत्र्याचा डबा होता, डब्यावर आणखी एक डबा होता, आणि दोन्ही काखांत एकेक. वरच्या डब्यावर पोस्टमास्तरांचं नाव कोरलेलं मला लांबूनच दिसलं.

"पोशे, हा डबा गावातला आहे," मी म्हणालो.

"डोक्यावरून आला ना?"

"आला, पण..."

"बाहेरगावहून आला ना? मी खोडाळ्याची. नाक्यावरून इथवर माझे डोक्यावर आला. तुझे दारावर काय लिवलंय ते वाच."

"वाचता येत नाही, दार उघडं आहे," मी म्हणालो, आणि हे वाक्य पूर्ण झाल्यावर मला त्याची लाज वाटली.

"मंग बिल्ला दे."

मी नियम आठवून पाहिला. नियमात खरोखर तेवढंच लिहिलं होतं. मी काखेतल्या डब्यांसकट पाच लाल बिल्ले दिले. नाक्यावर काय चाललं होतं ते मग हळूहळू उघड झालं. गावातल्या बायका आपापले डबे घेऊन सकाळपासून नाक्याशी उभ्या होत्या. पाड्यांवरून जी बाई येईल तिच्या डोक्यावर आपला डबा ठेवायचा, आणि मोबदल्यात तिच्या मुलासाठी मूठभर शेव नाहीतर एक लाडू. पाड्यांवरच्या बायकांना हा व्यवहार फार आवडला. चकलीची भाजणी, लाडवाचं बेसन, अनारशाचे तांदूळ, सगळी दिवाळी खोडाळ्याच्या आणि सूर्यमाळच्या डोक्यांवरून गिरणीत येऊ लागली. त्यात एक ओळखीचा डबाही आला. तो दाऊदभाईंच्या बायकोचा, शहरबानोभाभींचा होता. त्या गिरणीच्या मागच्याच घरात राहत.

"भाभी, तुमचीच गिरणी आहे," मी मागच्या दाराशी जाऊन म्हणालो.

"म्हणूनच. नियम आधी आपल्या घरात पाळावा," त्या म्हणाल्या. "सूर्यमाळच्या बाईकडे दिला होता. आला का?"

पांढरे बिल्ले माझ्या मांडीवर तसेच पडून होते. लाल संपले, तेव्हा शकीलला बोलावून पांढरे लाल करावे लागले. शास्त्राप्रमाणे ही स्थिती अगदी स्पष्ट आहे. सगळेच पहिल्या वर्गात गेले, की पहिला वर्ग उरत नाही. उरते ती नुसती रांग, आणि ती कालच्यापेक्षा लांब; कारण काल जे दळण उद्यावर ढकलता आलं असतं तेही आज पहिल्या वर्गाचा लाभ घ्यायला आलेलं असतं. लाल बिल्ल्यांची रांग पायरीवरून रस्त्यावर आणि रस्त्यावरून चहाच्या टपरीपर्यंत गेली होती. मी ती पाहत उभा असताना तुळशी आली. हातात गुळाची ढेप, नव्या बांगड्यांची पुरचुंडी, डोक्यावर निवडलेल्या नाचणीची टोपली. तिने रांगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ह्या सगळ्या जामसरच्या?" ती म्हणाली.

मला जे करायला हवं होतं ते करायला धैर्य लागतं, आणि ते माझ्यात होतं हे मी अभिमानाने सांगतो. चुकीचं काम करायलाही धैर्य तेवढंच लागतं, ही गोष्ट वेगळी. मी जाहीर केलं की लालच्या वर आणखी एक वर्ग आहे, आणि त्यात सध्या एकच गिऱ्हाईक आहे. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण झेरॉक्समध्ये एक परिच्छेद असा होता की वरच्या वर्गाचं गिऱ्हाईक आलं, तर खालच्या वर्गाचं चालू काम मध्येच थांबवून त्याला घेता येतं आणि उरलेलं काम पुढे चालू करता येतं. त्यात काम वाया जात नाही, असं गृहीत धरलेलं होतं. मी आत गेलो. एका चक्कीत भाजणी चालली होती. मी दाऊदभाईंना म्हटलं, "हे थांबवा. तुळशीची नाचणी घाला."

"अर्ध्यात?"

"शास्त्रात चालतं."

"चक्कीत नाही चालत."

"दाऊदभाई, तिची गाडी जाईल."

दाऊदभाईंनी तुळशीकडे पाहिलं आणि नाइलाजाने हात पुढे केला. भाजणी अजून दगडांच्या पोटात होती तोवर तिच्यावर नाचणी पडली. खालच्या डब्यात आधी पिवळं, मग करडं, मग तांबूस, असं पीठ येऊ लागलं. भाजणी पोस्टमास्तरांच्या घरची होती. त्यांच्या बायकोला सगळं गाव वहिनी म्हणायचं. रांगेतल्या आपल्या दुसऱ्या डब्यावर लक्ष ठेवायला त्या टपरीपाशी उभ्या होत्या, त्या आत आल्या.

"मास्तर, हे काय आहे?"

"वहिनी, थोडं मिसळलंय. तांत्रिक बाब आहे."

"याच्या चकल्या काळ्या होतील."

"नाचणी पौष्टिक असते."

"उद्या आमच्याकडे ठाण्याची मंडळी यायची आहेत," वहिनी म्हणाल्या. "त्यांना मी पौष्टिक चकल्या देऊ?" आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. मी दाऊदभाईंकडे पाहिलं. ते अट पाळत होते, म्हणजे छताकडे बघत होते.

या बोलण्यात दाऊदभाईंचं लक्ष क्षणभर उडालं, चक्की रिकामी फिरली, मग एकदम भरली, पट्ट्याला हिसका बसला, आणि शिवणीवर तो तुटून सापासारखा उडाला. तो उडाला तो थेट दुसऱ्या चक्कीच्या पट्ट्यात, आणि तोही उतरला. इंजन एकटंच मोकळं ठकठकत राहिलं. माझ्या गणितात दोन चक्क्या एकमेकींपासून स्वतंत्र होत्या. दोघी एकाच इंजनाच्या एकाच दांड्यावर लटकलेल्या आहेत, हे मी गृहीत धरलं नव्हतं.

नाक्यावर एसटीचा हॉर्न वाजला.

तुळशीने नाक्याकडे पाहिलं. गाडी सोडून ती थांबू शकत नव्हती. पाहुणे आले असताना घरात बाई नाही, हे पीठ नसण्यापेक्षा वाईट. तिने गूळ आणि बांगड्या उचलल्या, टोपली तिथेच ठेवली. दाराशी वळून एवढंच म्हणाली, "मास्तर, तू सांगला व्हता." आणि नाक्याकडे गेली. ती धावत नव्हती, भराभर चालत होती, आणि मी तिच्या पाठीकडे पाहत उभा राहिलो.

पुढचा हुकूम वहिनींनीच दिला. "गुलामचाचा, पट्टा शिवा," त्या म्हणाल्या. "आधी त्या बाईचं दळा. माझ्या भाजणीचं मी मास्तरांशी नंतर बोलेन." रांगेतून कोणी हरकत घेतली नाही. लाल बिल्लेवाल्या सगळ्या नुसत्या उभ्या राहिल्या. पोशीने तर टोपली उचलून स्वतः चक्कीपाशी नेऊन ठेवली.

गुलामचाचांनी चामड्याची वादी घेऊन पट्टा शिवला. घाईत तो त्यांनी पीळ घालून चढवला, त्यामुळे चक्की उलटी फिरू लागली आणि नाचणी वरच्या वर नाचत राहिली. चाचांचं म्हणणं पडलं की उलटी फिरली तरी दळेल, थोडा दम धरा. दाऊदभाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्या भावाला खाटेवर जाऊन बसायला सांगितलं. मी पट्टा धरला, त्यांनी पीळ काढून पुन्हा चढवला, माझ्या शर्टाची बाही त्यात गेली ती वेळेवर सुटली, आणि चक्की सुलट फिरली.

तुळशीचं पीठ गोणपाटात भरून झालं, तेव्हा उन्हं अजून होती. मी दाऊदभाईंना म्हटलं, "सायकल द्या."

"जामसरला? सायकलीवर? मधे चढ आहे मास्तर."

"चढ असेल तर उतारही असेल."

"जाताना आधी चढच आहे," दाऊदभाई म्हणाले, पण सायकल काढून त्यांनी स्वतः पीठ कॅरेजला बांधलं. भाभींनी मागच्या दारातून सांगितलं की पोतं डावीकडे कलतंय. चाचांनी खाटेवरून सांगितलं की ते उजवीकडे कलतंय. मी दोघांचं ऐकून निघालो, आणि ते खरोखर दोन्हीकडे कलत होतं.

चढावर मी सायकल हाताने ढकलली. उतारावर बसलो, तर ब्रेक नावालाच आहेत हे कळलं. दाऊदभाईंनी ते सांगितलं नव्हतं, कदाचित मी विचारलं नाही म्हणून. एका वळणावर मी, सायकल आणि पोतं असे तिघे शेतात गेलो. पोतं शाबूत राहिलं. त्याचं तोंड सुटून थोडं पीठ माझ्या डोक्यावर आणि चेहऱ्यावर आलं, तेवढंच. एक गुराखी गुरं घेऊन परतत होता. त्याने मला पाहून वाट बदलली. मी पोतं बांधलं, पुढचं चाक पायांत धरून हँडल सरळ केलं, आणि पुढे निघालो. मागे फिरायचा विचार एकदाही आला नाही. आला असता तरी ब्रेकच नव्हते.

तुळशीच्या अंगणात पोचलो तेव्हा दिवे लागत होते. सारवलेल्या अंगणात पाहुणे मांडी घालून बसले होते. सुपारी फोडून झाली होती. पण मधोमध बसलेला, पागोट्याचा, खांदे उंच करून बसलेला गृहस्थ सारखा चुलीकडे पाहत होता. तो मुलाचा मामा, हे न सांगता कळत होतं. तुळशीने त्याला कोरा चहा इतक्या वेळा दिला होता की त्याच्यापुढे पेल्यांची रास झाली होती. तो उठण्यासाठी एक हात जमिनीला टेकवत होता, तेवढ्यात मी सायकलसकट अंगणात शिरलो.

तुळशीने मला पाहिलं. पोतं माझ्या हातून घेतलं, आत दिलं, आणि तीन चुलींवर तीन तवे चढले. एका तव्याशी हिरीच होती, नव्या बांगड्या घातलेली. पहिली भाकरी मामाच्या पानात पडली तेव्हा त्याने जमिनीवरचा हात उचलून भाकरीवर ठेवला.

दोन भाकऱ्या झाल्यावर मामाचे खांदे खाली आले. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी आपादमस्तक पिठाने माखलेला होतो.

"ह्यो कोण?" त्याने विचारलं.

मी शिक्षक आहे, सांख्यिकी घेऊन पदवीधर आहे, आणि आज जे घडलं त्याच्यामागे एक पद्धत होती, असं सांगायला मी तोंड उघडलं.

"जव्हारचे गिरणीचा माणूस," तुळशी म्हणाली. "आमचं दळण घरी आणून देतो."

मामा प्रभावित झाला. "आमच्याकडं असा नाय," तो मुलाच्या बापाला म्हणाला. "बरी सोयरीक केलीस." मग सरकून त्याने मला शेजारी जागा दिली, आणि मी तोंड बंद करून बसलो. अशा क्षणी पदवी काढून दाखवणं बरं दिसत नाही. भाकरी गरम होती, सोबत उडदाची आमटी होती. हिरीचं लग्न माघात ठरलं.

दुसऱ्या दिवशी मी वहिनींना भाजणी भाजून दिली. त्याबद्दल इथे लिहिण्यासारखं काही नाही. बिल्ले शकीलला परत केले, दारावरची अक्षरं खरवडली. उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू मात्र ठेवल्या, कारण गणितात चूक नव्हती. चूक होती ती माणसं आपापल्या वर्गात राहतील या समजुतीत, आणि ती सुधारता येण्यासारखी होती. पुढच्या बाजाराला सकाळीच मी नव्या गृहीतकांसह खाली उतरलो.

रांग नव्हती. गिरणीसमोर एकही माणूस उभा नव्हता आणि रस्त्यावर एकही डबा नव्हता. दाऊदभाई निवांत चहा पीत होते. मला वाटलं, सगळी गिऱ्हाइकं गेली.

"आत बघ," ते म्हणाले.

आत भिंतीला लावून टोपल्या नीट मांडून ठेवलेल्या होत्या. जामसरच्या होत्या, मुलाच्या मामाच्या गावच्या होत्या, आणखी कुठकुठल्या पाड्यांच्या होत्या. त्यांच्या मालकिणी त्या ठेवून, नावं सांगून, निर्धास्तपणे बाजारात गेल्या होत्या. काही तर बाजार करून घरीसुद्धा गेल्या.

"पण पीठ कोण नेणार?"

"मीही तेच विचारलं," दाऊदभाई म्हणाले. "बोलल्या, मास्तर आणून देल."

मी त्या टोपल्या मोजल्या. गिऱ्हाइकांचं सरासरी थांबणं शून्यावर आलं होतं. जगातल्या कुठल्याही लेखात, अंदाजेसुद्धा, असा निकाल कोणी काढलेला नाही. थांबायचं आता फक्त पिठाला होतं. गिऱ्हाइकं अनेक, वाटा वेगवेगळ्या, चढ अनेक, आणि सेवा देणारा एक, तोही सुट्टी संपेपर्यंतच. मी मनातल्या मनात हिशेब मांडला. एकाने हे काम उरकणं शक्य नव्हतं. दोघांनी, अंदाजे, जमलं असतं.

"दाऊदभाई," मी म्हणालो, "गुलामचाचांना सायकल येते का?"